परातीतलं पाणी

अंगाच्या साबणाचा वास आला की मला आमच्या चर्चमधला एक पवित्र गुरुवार आठवतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या संध्याकाळी फादर आम्हा बाराजणांचे पाय धुणार होते आणि आम्ही सगळे घरूनच ते साबणाने घासून आलो होतो. तेवढ्यात गंगापूरकडून मेंढरं घेऊन आलेला एक म्हातारा आमच्यासाठी मांडलेल्या बारांतल्या एका रिकाम्या खुर्चीत येऊन बसला. "उठा बाबा, ही आमच्या माणसांची जागा आहे," मी म्हणालो. तो हसला. "पायच धुवायचेत ना? तुमचे तं चकचकीत हायेत, माझेच लई मळलेत." मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि फादरांना सांगितलं, तो आपणहून गेला. ते खोटं होतं, हे आज म्हातारपणी सांगतो. त्या संध्याकाळी सगळ्यांचे पाय धुऊनही परातीतलं पाणी स्वच्छच राहिलं.