यूसुफभाईंनी स्वतःचा दोर सोडला तेव्हा

शबनमचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. ती यूसुफभाईंची मुलगी, एरवी मला कधी फोन करत नाही. "मावशी, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कुठल्या झाडावर?" ती म्हणाली, "झाडावर नाही. घरीच, खुर्चीत. मी चहा घेऊन आले तर..." तेरा वर्षं मी ज्या बातमीला घाबरत आले होते ती अशी, भलत्याच वाटेने आली. आता पाच आठवडे झाले, पण त्या प्रश्नाची लाज अजून गेलेली नाही.

यूसुफभाई हडपसरचे. वडिलांची लाकडाची वखार होती. ती बंद पडल्यावर हे झाडांवर चढू लागले. धोकादायक फांद्या उतरवायच्या, सडलेला भाग कापून उरलेलं झाड वाचवायचं, हे त्यांचं काम. आमची ओळख झाली ती भांडणातून. कोथरूडला आमच्या सोसायटीतल्या गुलमोहरावर हा माणूस अनवाणी चढला होता, कमरेला कोयता, बाकी काही नाही. मी तेव्हा विमा कंपनीत नोकरी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतले कडे चढायचे, त्यामुळे मला गॅलरीत उभं राहून बघवेना. "अहो, दोर तरी बांधून घ्या!" मी ओरडले. वरून शांतपणे उत्तर आलं, "कशाला? झाड पडलं तर मला बांधूनच घेऊन पडेल." रात्रभर विचार केला आणि सकाळी माझा चढाईचा दोर घेऊन खाली गेले. म्हटलं, कापायचं त्या झाडाला बांधूच नका, शेजारच्या धडधाकट झाडाला बांधा. त्यांनी दोर हातात घेऊन वाकवून पाहिला आणि विचारलं, "आणि खाली लक्ष कोण ठेवणार?" मी म्हटलं, "मी." दोन वर्षांनी मी नोकरी सोडली. घरच्यांनी विचारलं, "विम्याच्या नोकरीत असा काय धोका होता, म्हणून हे शोधलंस?"

वर ते आणि खाली मी, अशी आमची जोडी. ते चढायच्या आधी लाकडी हातोडीने खोडावर टकटक करत झाडाला फेरी मारायचे; आवाज पोकळ आला की तिथे खडूने फुली. विजेची लाइन बंद केल्याचं वायरमनने शंभरदा सांगितलं तरी स्वतः जाऊन बघायचे. फांदी कापायच्या आधी ती दोराने बांधायची, दोर वरच्या बेचक्यातून घेऊन खाली माझ्याकडे, मी खोडाला तीन वेढे द्यायचे आणि कापलेली फांदी इंचाइंचाने खाली सोडायची. आणि काम संपलं की सगळा दोर उघड्या बोटांतून ओढून तपासायचा. हे शेवटचं काम माझं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या वळवाने पुण्यात बरीच झाडं पाडली. दुसऱ्या दिवशी खडकीहून बोलावणं आलं. बैठ्या घरांच्या रांगेवर एका जुन्या रेन ट्रीचं खोड उभं चिरलं होतं. त्याची एक फांदी एका घराच्या दारासमोर कोसळून दार बंद झालेलं, दुसरी अर्धवट तुटून पत्र्याच्या वर लोंबत होती. आत खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी आणि त्यांची सून. खिडकीला गज. सून आतून सारखी विचारत होती, "अजून किती वेळ?" यूसुफभाई तिला म्हणाले, "वहिनी, आजींचा पलंग त्या कोपऱ्यात सरकवा. वेळ विचारू नका." चिरलेलं खोड आणखी फाकू नये म्हणून आमचा दुसरा जाड दोर त्याला आवळून बांधला. मग ते शेजारच्या कडुनिंबावर चढले, तिथे स्वतःला बांधून घेतलं, लोंबती फांदी पहिल्या दोरात अडकवली आणि कापायला सुरुवात केली.

फांदी सुटली. दोर ताणला, वेढे करकरले, पण धरून राहिले. मी सोडू लागले. पत्र्यापासून दोन हात वर फांदी आली आणि माझ्या हातमोज्यात दोर मऊ लागला. एका जागी, बोटभर. मी हातमोजा दातांनी ओढून काढला. वरचं विणकाम कापलं गेलं होतं, आतले पांढरे धागे दिसत होते. आदल्या दिवशी आम्ही काचा लावलेल्या भिंतीवरून काम केलं होतं आणि संध्याकाळी घाईत मी दोर तपासला नव्हता.

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की गप्प बसावं. कदाचित टिकेल. आणखी हातभर सोडलं की ती जागा वेढ्यात जाईल, तिच्यावर भार येईल... कदाचित टिकेल. पत्र्याखाली सून आजींना काहीतरी समजावत होती, ते ऐकू येत होतं.

"यूसुफभाई, थांबा! दोर कापलेला आहे!"

त्यांनी अजून चालू असलेलं करवतीचं मशीन बंद केलं. "कुठे?"

"माझ्या हातात. वेढ्याच्या अलीकडे."

"म्हणजे आत्ता भार नाही त्याच्यावर. बांधून टाका तिथेच." मी खोडाला गाठ मारली. मग त्यांनी विचारलं, "माझा दोर ही फांदी पेलेल?"

त्यांचा दोर म्हणजे ज्याच्यावर ते स्वतः होते तो. मी म्हटलं, "पेलेल. पण झटका बसता कामा नये. आणि तुम्ही?"

"मी काय, तुम्ही भेटायच्या आधी वीस वर्षं असाच चढत होतो." आणि त्यांनी कमरेच्या पट्ट्यावरची दोराची कडी उघडली. एका हाताने कडुनिंबाला मिठी, पायांनी बेचक्यात अडकून, त्यांनी आपला दोर फांदीच्या अजून हाताशी असलेल्या टोकाला बांधला, वरून फिरवला आणि टोक खाली टाकलं. मी नवे वेढे घेतले. भार इकडे आला. मग पहिला दोर सोडला आणि फांदी बाजूला ओढत, पत्र्याला न लागता, अंगणात उतरवली. वीसेक मिनिटं लागली असतील. एवढा वेळ मी एकदाही वर पाहिलं नाही.

दार मोकळं करून आजींना बाहेर काढलं. टेम्पोत बसल्यावर यूसुफभाई समोर बघत म्हणाले, "काल तपासला नव्हता."

"नाही."

बोपोडीच्या सिग्नलला म्हणाले, "ओरडलात ते बरं केलंत." पण दुसऱ्या दिवसापासून दोर ते स्वतः तपासू लागले. माझ्यासमोर, मला एक शब्द न बोलता. असे दोन महिने गेले. यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला चाललं असतं. मग एक दिवस काम संपल्यावर त्यांनी दोराचं वेटोळं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "ताई, आज माझी बोटं दुखतायत." मी मान खाली घालून दोर ओढत राहिले. डोळ्यांना धार लागली होती, आणि ते मुद्दाम पाठ करून बिडी ओढत होते.

गेल्या रविवारी शबनमने सामान लावायला बोलावलं. मागच्या खोलीत सगळं खिळ्यांना टांगलेलं, जसंच्या तसं. करवती, कानशी, पाचरी यांच्या दोन राशी केल्या. तिला हव्या त्या तिने ठेवल्या. मग तिने अब्बांचा हार्नेस, चढताना अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज, काढून माझ्या हातात दिला. "हा तुम्ही वापरा, मावशी." त्याची वापरायची वर्षं संपत आली होती, शिवण विरली होती, नव्यासाठी आम्ही सांगूनही ठेवलं होतं. मी तिला सांगितलं, "हा कुणीच वापरायचा नाही. कापून टाकावा लागतो, नाहीतर चुकून कुणीतरी घालतं." ती त्याच्याकडे बघत राहिली. कमरेच्या पट्ट्याला त्यांच्या पोटाचा बाक आला होता, तो खाली ठेवला तरी तसाच गोल राहत होता. मी सुरी काढली, पण मला काही पट्टा नीट धरता येईना.

शेवटी शबनमनेच दोन्ही हातांनी तो ताणून धरला आणि म्हणाली, "कापा."