न झालेल्या व्याख्यानाची हजेरी

आमच्या गल्लीतली डीपी जळाली तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. पत्रकार क्लबमधलं त्या शनिवारचं व्याख्यान सहा वाजता सुरू व्हायचं होतं. आणि ते ‘उत्साहात संपन्न’ होऊन दीड तास उलटला होता, कारण प्रेस नोट मी तीन वाजताच पाठवून दिली होती.

वाचकांना हे विचित्र वाटेल, म्हणून आमच्या धंद्याची रीत सांगतो. प्रेस नोट म्हणजे कार्यक्रम करणाऱ्यानेच लिहून दिलेली बातमी. नगरसारख्या गावात (कागदोपत्री अहिल्यानगर, बोलण्यात नगर) पेपरांची जिल्ह्याची पानं संध्याकाळी लवकर बंद होतात. त्यामुळे सहाच्या कार्यक्रमाची बातमी तीनला लिहायची, आणि तीही भूतकाळात. वक्ते म्हणाले, श्रोत्यांनी दाद दिली, आभार मानले, आणि शेवटी ‘यावेळी अमुक, तमुक आदी उपस्थित होते’. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. तिच्यात ज्यांचं नाव असतं ते पेपर जपून ठेवतात, बाकीचे त्यात शेंगदाणे खातात.

वक्ता काय बोलणार हे आधीच कसं कळतं? कळत नाही. ‘जागतिक घडामोडींकडे डोळसपणे पाहण्याची गरज आहे’ हे वाक्य मी निदान पंधरा वक्त्यांच्या तोंडी घातलं असेल. एकानेही तक्रार केली नाही. दोघांनी तर ‘छान शब्दांकन केलंत’ म्हणून फोन केला.

मी भिंगारदिवे. तीस वर्षं बातमीदारी करून निवृत्त झालो आणि क्लबचा चिटणीस झालो. महिन्यातून एका शनिवारी जगाच्या राजकारणावरचा एखादा माहितीपट दाखवायचा, मग जाणकाराचं भाषण, असा उपक्रम मी सहा वर्षं चालवत होतो. पंधरा-वीस माणसं यायची. निवृत्त शिक्षक, बँकवाले, एक-दोन शेतकरी. पत्रकार मात्र एकही नाही. ते शेजारच्या खोलीत कॅरम खेळायचे, आणि पडद्यावर युद्धात बॉम्ब पडत असताना भिंतीपलीकडून ‘क्वीन गेली’ असं ऐकू यायचं.

क्लबचे अध्यक्ष अण्णासाहेब. त्यांचं स्वतःचं सायंदैनिक आहे, म्हणजे संध्याकाळी पाचला निघणारा चार पानी पेपर. मूळ पाथर्डीकडचे. माझा शनिवार त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. तो हॉल त्यांना पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या सत्कारांसाठी हवा होता.

“भिंगारदिवे, जग लई मोठं हाय,” ते मला म्हणाले. “आपला हॉल लहान हाय. मंगळवारच्या मीटिंगमधी घेऊ ह्यो विषय.”

मी समजलो. मंगळवारी उपक्रम बंद होणार. निवृत्तीनंतर माझ्याकडे करण्यासारखं एवढंच उरलं होतं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. वाचवायचं तर समितीपुढे कात्रणं हवीत, भरपूर गर्दीची. म्हणून त्या शनिवारच्या नोटेत मी हात जरा सैल सोडला. ‘हॉल खचाखच भरला होता.’ शेवटच्या ओळीत अण्णासाहेबांना अध्यक्षस्थानी बसवलं आणि त्यांच्यासह कार्यकारिणीच्या सातही जणांना उपस्थित केलं. आपलं नाव छापून आलेला कार्यक्रम कोण बंद करतो, असा माझा हिशेब.

तेवढ्यात डीपी जळाली. डीपी म्हणजे गल्लीला वीज देणारी पेटी. ती गेली की प्रोजेक्टर गेला, माईक गेला. वायरमन म्हणाला, उद्या बघू. मी वक्त्यांना फोन लावला. डॉ. वाघचौरे, राहुरीचे निवृत्त कृषिशास्त्रज्ञ, काही वर्षं पूर्व आफ्रिकेत काम केलेले. विषय होता समुद्रात अडकलेली जहाजं आणि आपला कांदा. ते विळद घाटापर्यंत आले होते, तिथूनच परत फिरले. श्रोत्यांच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला आणि हॉलला कुलूप लावलं.

मग सलीमभाईंना फोन केला. एका सकाळच्या पेपरचे ते बातमीदार, आणि आमच्या कार्यकारिणीतले एक.

“सलीमभाई, ती नोट थांबवा.”

“पान गेलं, सर.”

“उद्या छापून येणार?”

“येणार म्हणजे काय, डबल कॉलम आहे. मी इंट्रो पण बदललाय.”

इंट्रो म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद. सगळ्यांकडे एकच नोट जाते, तेव्हा आपली बातमी वेगळी दिसावी म्हणून प्रत्येक जण तो बदलतो. नोट का थांबवायची हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. अजून दोन पेपरांना फोन करायचा होता. त्यांची पानं कदाचित थांबली असती. मी मंगळवारचा विचार केला आणि फोन खिशात टाकला. इथे चुकलो. डीपीचा दोष नाही, हा माझा.

दुसरी चूक याहून बारीक. दारावर मी कागद चिकटवला नाही.

उजागरे बाई सावेडीला राहतात. मिशनच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. दर कार्यक्रमाला स्कूटरवरून येतात, पहिल्या रांगेत बसतात. त्यांचा फोन बटणांचा, त्यामुळे ग्रुपवरचा मेसेज त्यांना कुठून मिळणार? पावणेसहाला त्या आल्या तर दाराला कुलूप. थोडं थांबू म्हणून त्यांनी समोरच्या स्टॉलवरून अण्णासाहेबांचा पेपर घेतला.

एरवी अण्णासाहेब माझी नोट सोमवारी छापतात. त्या दिवशी ऐनवेळी एक जाहिरात रद्द झाली, पानाला भोक पडलं, आणि ऑपरेटरने हाताशी होती ती माझी नोट तिथे भरली. त्यामुळे कुलपासमोर उभ्या असलेल्या उजागरे बाईंनी वाचलं की याच हॉलमध्ये व्याख्यान नुकतंच उत्साहात पार पडलं, हॉल खचाखच भरला होता आणि ‘ज्येष्ठ शिक्षिका उजागरे’ याही उपस्थित होत्या. त्या नेहमी येतात म्हणून त्यांचं नाव मी नेहमी टाकायचो.

बाई कुलपासमोर उभ्या होत्या हे मला माहीत नव्हतं. मंगळवारी मी चार कात्रणं घेऊन मीटिंगला गेलो. एका पेपरने श्रोत्यांना अंतर्मुख केलं होतं. दुसऱ्याने टाळ्यांचा कडकडाट केला होता. सलीमभाईंच्या इंट्रोत वक्त्यांचा कंठ दाटून आला होता. आमच्या लोकांच्या कल्पनाशक्तीला मी कायम मानत आलो आहे.

कात्रणं टेबलावर फिरली आणि एक मजेशीर गोष्ट माझ्या लक्षात आली. सात जणांपैकी एकही शनिवारी हॉलकडे फिरकला नव्हता. पण आपण एकटेच गैरहजर होतो, बाकीचे सगळे होते, असं प्रत्येकाला वाटत होतं. त्यामुळे कोणी तोंड उघडेना. मग एकाने धीर करून सुरुवात केली.

“माहितीपट चांगला होता,” तो म्हणाला.

“चांगला? काटा आला अंगावर,” सलीमभाई म्हणाले. ते त्या दिवशी श्रीगोंद्याला होते.

“वक्तेबी अभ्यासू हुते,” अण्णासाहेब म्हणाले. ते पाथर्डीला पुतणीच्या साखरपुड्यात होते, हे मला ठाऊक होतं. “कांद्यावर लई मुद्देसूद बोलले.”

मी खाली मान घालून चहा पीत होतो. हसू दाबताना ठसका लागला. उपक्रम वाचला असं मला वाटलं, आणि त्याच वेळी उजागरे बाई दारातून आत आल्या. हातात तीच चार कात्रणं, कात्रीने नीट कापलेली.

“बसा ना, बाई,” अण्णासाहेब म्हणाले.

“बसते. आधी एक विचारायचंय. शनिवारी पावणेसहा ते साडेसहा मी तुमच्या कुलपासमोर उभी होते. पेपर म्हणतात मी आत होते. यातलं खरं कोणतं?”

 सलीमभाई खिडकीबाहेर बघू लागले.

“अण्णासाहेब, तुम्ही अध्यक्षस्थानी होतात असं तुमच्याच पेपरात आहे. तो पेपर मी कुलपासमोर उभी राहून वाचला. तुम्ही कुठल्या दाराने आत गेलात?”

अण्णासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बाकीच्या सहा जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि प्रत्येकाच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. मी उठलो आणि सगळं सांगून टाकलं. डीपी, विळद घाट, खिशात टाकलेला फोन. कान कोवळ्या पोरासारखे गरम झाले होते. बाईंना तासभर उन्हात उभं केलं याचं मला मनापासून वाईट वाटलं, तेही सांगितलं.

“पाऊण तास,” बाई म्हणाल्या. “तासभर नाही. आकडे तरी बरोबर सांगा. आता दोन गोष्टी. एक तर चारही पेपरांनी खुलासा छापावा की हा कार्यक्रम झालाच नाही आणि ही मंडळी तिथे नव्हती. नाहीतर येत्या शनिवारी तो घ्या. ज्यांची नावं छापलीत त्यांनी सगळ्यांनी यायचं आणि संपेपर्यंत बसायचं.”

खुलासा म्हणजे पेपरने आपली चूक आपल्याच पानावर कबूल करणं. आमच्यात त्यापेक्षा माणूस बदली मागतो.

“भिंगारदिवे,” अण्णासाहेब सावकाश म्हणाले, “कार्यक्रम घ्या.”

वाढदिवसांचा विषय कोणी काढलाच नाही.

शनिवारी वीज होती. डॉ. वाघचौरेही आले. बाईंनी चारही कात्रणांतली नावं एका कागदावर उतरवून आणली होती. प्रत्येक पेपरने आपापली माणसं वाढवल्यामुळे ती तेवीस झाली होती. माहितीपट सुरू करण्याआधी त्यांनी हजेरी घेतली. वर्गात घेतात तशी, चष्म्यावरून बघत.

“सलीम पठाण.”

“हजर, बाई.”

अण्णासाहेबही ‘हजर’ म्हणाले, जरा खालच्या आवाजात. तेवीस नावं संपल्यावर बाईंनी कागद उलटा केला. “इथे ‘आदी’ असं लिहिलंय. हे आदी कोण? त्यांनी उभं राहावं.” शेजारच्या खोलीतून कॅरमवाले चौघे निमूटपणे येऊन मागे बसले.

दहाव्या मिनिटाला सलीमभाई फोन कानाला लावून उठले. बाईंनी नुसती मान वळवली. ते बसले.

मग डॉ. वाघचौरे बोलले. माझं वाक्य ते बोललेच नाहीत. त्यांनी एका आफ्रिकी बंदरातला बाजार सांगितला. तिथे त्यांना आपल्या भागातला कांदा दिसला होता. ते आनंदाने पुढे गेले, तर तिथला व्यापारी म्हणाला, “तुमचा कांदा चांगला आहे, भरवसा चांगला नाही. एक वर्ष येता, एक वर्ष गायब होता. आम्ही किती वाट बघायची?” डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या बाजाराकडे मी पलीकडून पाहिलं.

 अण्णासाहेबांनी मागे टेकलेली पाठ सरळ केली. गावाकडच्या त्यांच्या भावाचा कांदा साठवणीच्या चाळीत पडून होता.

“मी रोज बाजारभाव छापतो,” ते उभं राहून म्हणाले. “भाव का पडला, ते कदी छापलं न्हाई. मला ठावंच नव्हतं. डॉक्टर, जहाज अडकलं तर आमच्या घोडेगावच्या मार्केटला किती दिवसांनी कळतं?”

प्रश्न तासभर चालले. कॅरमवाल्यांनीसुद्धा दोन विचारले. सहा वर्षांतला तो सगळ्यात चांगला कार्यक्रम होता, आणि त्यात मी घातलेलं एकही विशेषण नव्हतं.

त्या वेळी प्रेस नोट मी कार्यक्रम संपल्यावर लिहिली. वक्ते खरंच काय म्हणाले ते, शब्द न शब्द. सगळ्यांना पाठवली. रविवारी आणि सोमवारी मिळून चारही पेपर उघडले. एका ओळीचीही बातमी नव्हती. सलीमभाईंना फोन केला.

“सर, ही बातमी आपण गेल्या रविवारीच छापली,” ते म्हणाले. “तेच व्याख्यान दोनदा झालं म्हणून कसं सांगायचं? खुलासाच झाला ना तो.”

अण्णासाहेबांनी तर मलाच समजावलं. “जे झालं न्हाई ते छापून झालं, भिंगारदिवे. आता जे झालं त्याला जागा कुठाय?”

तेव्हापासून प्रेस नोट मी कार्यक्रमानंतरच लिहितो. ती पोचते तोवर पानं गेलेली असतात, त्यामुळे आमच्या व्याख्यानांची बातमी कुठेच येत नाही. वक्ता काय बोलला हे कळून घ्यायचं असेल तर यावंच लागतं. गेल्या महिन्यात खुर्च्या कमी पडल्या.