एक गोटा कमी

बाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू असे. जंगलात आरसा कुठला? त्या नदीकाठी उकिडव्या बसत, पितळी गंजात पाणी घेत आणि त्यात बघून कुंकू लावत. तंबू गुंडाळून व्हायचे, गडी खांद्यावर ओझी घेऊन उभे राहायचे, तरी कुंकवाशिवाय बाईंचं पाऊल उचलत नसे. मी मुळात उतावळा. "बाई, वाघ काही तुमचं कुंकू बघायला थांबलेला नाही," असं एकदा मी खेकसलो, तेव्हा गड्यांनी माना खाली घातल्या. का, ते मला कळलं नाही.

तेव्हा आमची राजधानी नागपूर आणि जिल्हा चांदा. मी जंगलखात्याच्या मोजणीवर होतो. दिवाळी झाली की वैनगंगेच्या काठाकाठानं निघायचं, पुढे तीच प्राणहिता होते, तिचा काठ धरून होळीच्या सुमारास सिरोंच्याला पोचायचं. सगळं पायी. बैलगाडी जाईल अशी वाटच नव्हती. साखळी ओढणारे गडी आपसात गोंडीत बोलत, त्यातलं मला ओ की ठो कळत नसे. संध्याकाळी तंबू ठोकून झाला, पलीकडच्या काठावर मोर ओरडायला लागले, की घर आठवायचं. त्या मुक्कामांवर मनातलं बोलायला माणूस एकच, आमच्या स्वयंपाकाला ठेवलेल्या बाई. ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या.

भाताला तांदूळ घेतले की बाई एक मूठ जास्त टाकत. सकाळी निघताना तेवढा भात पळसाच्या पानात बांधून, विझलेल्या चुलीशेजारच्या झाडाला उंच टांगून ठेवत. मला ते खटकलं.

"बाई, शिधा सरकारी आहे."

"माह्या वाट्यातला हाय बाबू, सरकारचा नाई."

मी मग लक्ष ठेवलं. खरोखरच त्या अर्धपोटी उठत होत्या. कोणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "वाटेनं भुकेलं माणूस येते. कोण येईल, सांगता येते का?"

त्याच हिवाळ्यात आम्ही बाईंच्या गावावरून गेलो. गाव मागे पडल्यावर वाटेतल्या एका मोहाच्या झाडाखाली गोट्यांचा ढीग दिसला. वाघानं माणूस नेलं त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक गोटा ठेवायचा, ही त्या रानाची रीत. गड्यांनी एकेक ठेवला, हात जोडले. मीही एक उचलला, तर बाईंनी माझं मनगट धरलं.

"नको ठेवू बाबू. तो मेला नाई."

मग त्यांनी ढिगातला एक गोटा काढला, तडक नदीपर्यंत चालत गेल्या आणि पाण्यात टाकून आल्या. गडी दुसरीकडे बघत राहिले.

मुक्कामाला भात चढवून झाल्यावर बाईंनी आपण होऊन सांगितलं. नवरा मासे धरायला जाई. एक दिवस रिकाम्या हातानं आला, तेव्हा दोघांचं वाजलं. "मीच बोलली, मासे नाई तं घरी येऊ नको. तो जाळं घेऊन गेला, तो गेलाच." नदीवर झुडपाला अडकलेलं जाळं सापडलं, वाळूत वाघाचे पंजे दिसले. गावानं ढीग रचला आणि बाईंना कुंकू पुसायला सांगितलं.

"वाघाचे पंजे तं रोजच रायते नदीवर. रक्ताचा ठिपका नाई, हाड नाई. मी येऊ नको म्हटलं, म्हणून येऊन नाई राह्यला. रागीट हाय तो. मीच जाऊन म्हणन, चाल घरी."

एवढ्यासाठी बाई आमच्याबरोबर रानोमाळ चालत होत्या. एकट्या बाईला त्या वाटेनं कोण जाऊ देणार? वाटेतल्या प्रत्येक गावात त्या विचारत. सिरोंच्याकडे सगळा तेलुगू कारभार, तिथल्यासाठी त्यांनी एकच वाक्य घोकलं होतं, "मा आयन कनपड्डाडा?" म्हणजे, आमचे हे दिसले का? बायका मान हलवत. बाई पुढच्या घराकडे वळत.

एकदा नदीत सागाच्या लाकडांचे तराफे लागले होते. काठावर एक उंच माणूस पाठमोरा बसला होता. बाई हातातला गंज टाकून धावत सुटल्या. चिडका मी, पण तेव्हा देवाला हात जोडले. बऱ्याच वेळानं त्या परत आल्या, त्या दिवशी टांगायला काढलेला भात घेतला आणि पुन्हा तिकडे गेल्या.

"दुसराच होता," येऊन म्हणाल्या. "पण भुकेला होता."

तीन हिवाळे असे गेले. मोजणी संपली, माझी बदली झाली. निरोपाला मी त्यांच्या गावी जाऊन त्यांना लुगडं दिलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"माह्यानं आता एकटीनं तिकडे सिरोंच्यापर्यंत जाणं होत नाई बाबू. पण तुमी कधी इकून गेले, तं एक गोटा काढजा."

मी हो म्हणालो. लोक गोटे ठेवतच राहणार आणि या बाईचं आयुष्य एकेक काढण्यात जाणार, या विचारानं माझा जीव तुटला.

चार-पाच वर्षांनी दुसऱ्या कामानं त्या वाटेला लागलो. मोह ओळखीचा होता, पण ढीग दिसेना. वाट चुकली असं वाटून मी जाळं वाळत घालणाऱ्या एका म्हाताऱ्याला बाईंचं विचारलं.

"गेली ना जी, औंदाच्या पावसाळ्यात."

कुंकवाचं विचारायला मी नुसतं कपाळाला बोट लावलं. त्यानं ते ओळखलं असावं.

"हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं न् नेली. सवाशीण म्हणूनच नेली."

"आणि इथला ढीग?"

"ते एक काढे, आमी दहा ठेवत होतो. मंग एका साली तिचे पाय गेले. मोहापर्यंत येता येईना, तं दारात बसून रडे. तवापासून जो इकून जाये, तो तिच्या नावानं एक गोटा नदीत टाके."

मी मोहाखाली गेलो, पाचोळा सारला, वाकून जमीन चाचपली. काढायला एकही गोटा उरला नव्हता.