चांगुणामावशींची माती

पायात बूट घालून आलेल्या माणसाला चांगुणामावशी बांधावरच अडवायच्या. "माती जित्ती हाय. तिच्या उरावर नाचू नको." मलाही अडवलं होतं. शेतजमिनीत कार्बन साठवण्याचा उद्योग करणाऱ्या एका कंपनीचा मी अधिकारी. हातात टॅब, डोक्यात पाठ केलेलं भाषण.

पनवेलजवळच्या त्या गावानं शेतांची वरची माती वीटभट्ट्यांना विकून टाकली होती. मावशींच्या नवऱ्यानंही विकली. तो गेला, मागे मुरूम राहिला. मावशींनी तळ्यातला गाळ, शेण, पाला वर्षानुवर्षं डोक्यावरून वाहून आणला. भाताची रोपं टाकण्याआधी त्या जागेवर पालापाचोळा जाळायची गावची रीतही त्यांनी सोडली. गाव हसलं. "माती इकून बंगलं बांदलं, आन आता अक्कल जालतान," मावशी गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या. मी पाहिली तेव्हा त्यांची माती काळी, भुसभुशीत झाली होती.

मी त्यांना कार्बन समजावून सांगितला. "म्हंजे कलंबोलीचे ट्रकांचा धूर माजे शेतान पुरायचा, आन तुजे सायबान हात धुवून मोकलं व्हायचं?" आमच्या प्रशिक्षणात इतकं नेमकं कुणीच सांगितलं नव्हतं.

गावच्या मातीत किती कार्बन साठला हे मोजायला शेताशेतातून मातीचे नमुने घ्यायची वेळ आली. बाकीची शेतं उजाडच होती. साहेब फोनवर म्हणाले, "सगळे नमुने त्या बाईच्या शेतातून घे. लेबलं वेगवेगळी लाव. रिपोर्ट चांगला दिसला पाहिजे." आणि मी, सुवर्णपदकवाला, एकाच कोपऱ्यात बसून गावभरच्या नावांच्या पिशव्या भरल्या.

मावशी मागे उभ्या होत्या. "नावं वाच."

मी वाचली.

"माजे नवऱ्यान माती इकली, पन लपून नाय इकली. तू त्याच्याहून हलकट. वत परत."

एकेक पिशवी मी शेतात ओतली. मग माफी मागितली.

"माफीनं माती पिकते कं? शेनाची पाटी उचल."

संध्याकाळपर्यंत उचलत होतो. दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. कंपनीचं काही अडलं नाही. माझ्यासारखे पदवीधर पोत्यानं मिळतात.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. नंतर कंपनीचा अहवाल हाती आला. त्यात अख्खं गाव सुपीक झालं होतं. मुखपृष्ठावर मावशींचा, बांधापलीकडून काढलेला फोटो, खाली 'समाधानी लाभार्थी'. फोटोत त्या तोंड उघडून शिव्या देत होत्या. साहेबांना ते हसू वाटलं असावं.