तुझ्या मागं कुणी येणार नाही

बार्शीचं घर सोडलं त्या सकाळी आईला सांगितलं होतं, ब्लाउजचं माप द्यायला चाललेय. माझ्या लग्नाला अकरा दिवस उरले होते. "उन्हाच्या आत ये," ती म्हणाली. माझ्या फुगलेल्या पिशवीकडे तिनं एकदा पाहिलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. पिशवीत पासपोर्ट होता आणि क्योतोच्या भाषाशाळेचं प्रवेशपत्र. 'मी मुलगी नाही, मुलगा आहे' हे पुन्हा तोंडातून निघालं तर जमिनीत पुरीन, असं वडील म्हणाले होते. ओरडून नाही, शांतपणे. म्हणूनच माझा विश्वास बसला.

पुण्यात शिकलेल्या जपानीचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. तिच्या क्रियापदाला बाई-पुरुष नसतो. क्योतोत सकाळी शाळा, दुपारी कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, काम. दर वाक्याला खोटं बोलणं संपलं. पुढं डॉक्टरांची इंजेक्शनं सुरू झाली, आवाज फुटला, दाढी आली.

आश्रयासाठी अर्ज केला, त्याच सुमारास चुलतभावानं मोबाइलवर एक फोटो पाठवला. आमच्या चौकातला फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली. कु. स्मिता, जपान येथे अल्पशा आजाराने. मधोमध मी, लांब केसांची, साडीतली, हसणारी. दहावाही उरकला होता.

दुकानाच्या मागच्या खोलीत उभं राहून मी शाळेतल्या मैत्रिणीला, नीताला, फोन लावला. निदान तिला तरी सांगायचं होतं की मी आहे.

"कोण बोलतंय?"

"नीता, मी..."

आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. नंबर जपानचा. "तुम्ही तिच्यासोबत होतात का तिकडं, दादा?" तिला रडू आवरेना. "शेवटी त्रास झाला का हो तिला?"

जन्मभर मला कुणीतरी दादा म्हणावं असं वाटायचं. म्हटलं ते असं.

"नाही," मी म्हणालो. "शांत होती."

मग तीच सांगत राहिली. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. वडिलांनी सांगून पाहिलं, काकांनी हात जोडले. तासभर गेला. शेवटी आई पुढं झाली, वाकली आणि म्हणाली, "तुझ्या मागं कुणी येणार नाही." तेव्हा शिवला.

फोन ठेवला, तोंडावर पाणी मारलं. भिंतीवरच्या आरशात बघायचं धाडस होईना. तिथं कुणी दिसलंच नाही तर?

आश्रयाच्या मुलाखतीला, अर्जदारांना मदत करणाऱ्या एका संस्थेनं दुभाषी दिल्या होत्या, रेवतीताई, पंचवीस वर्षं इथं राहिलेल्या. मला जपानी येत होती, पण स्वतःच्या मरणाबद्दल बोलण्याइतकी नाही. त्यांनी फ्लेक्सवरचा मजकूर मोठ्यानं वाचला. अधिकाऱ्यानं फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. आईचं वाक्यही मी सांगितलं.

"मग आता कुणी मागं येणार नाही," तो सौम्यपणे म्हणाला. "तर धोका कशाचा?"

"मी मेलेला आहे तोवर धोका नाही," मी म्हणालो. "परत गेलो तर त्यांना ते खरं करावं लागेल."

ताईंनी पेन खाली ठेवलं. भाषांतर करायला त्यांना बराच वेळ लागला.

दोन वर्षांनी राहायची परवानगी आली. फ्लेक्स कधीच उतरला असेल. आईनं मला तोडलं की सोडवलं, अजून कळत नाही. दोन्ही खरं असावं. विचारायचं तर जिवंत व्हावं लागेल आणि मग तिचा शब्द मोडेल.

नव्या खोलीच्या भाडेकरारात एक रकाना होता, अडीअडचणीला कुणाला कळवायचं. पेन तिथंच अडकलं. रेवतीताईंना विचारलं.

"माझा नंबर लिही," त्या म्हणाल्या. "पण मला नुसती वाईट बातमी नको. रोजची खुशालीही कळवायची."

घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आता मी गाव सांगत नाही, खोलीही सांगत नाही. सकाळी बसमधून उतरलो की ताईंना एकच शब्द पाठवतो.

आहे.