तळघरातली जनावरं

भोरातल्या आमच्या चार मजली इमारतीत खाली दुकानं, वर हापिसं. सगळ्या संडास-मोऱ्यांचं पाणी तळघरातल्या टाकीत येतं, साफ होतं, आन् तेच परत संडासाला नि बागंला जातं. म्हणून तर दारावर हरित इमारतीची पाटी हाय. टाकी मी चालवतो, कुंडलिक. झाडलोट उत्रोलीच्या गीतामावशीकडं. चार वर्सं झाली, तोंडाला तोंड लागलं न्हाई असा दिवस गेला न्हाई.

बाई कामाला वाघ, पण हात लई सढळ. एका झाकणात भागतंय तिथं अर्धी बाटली ओतणार.

गेल्या महिन्यात मालक स्वरूपशेठ म्हणाले, पंधरा दिवसांनी साहेब येणार, टाकीचं पाणी तपासणार. नापास झालो तर पाटी जाईल, आन् टाकी नि सफाई दोन्ही पुण्याच्या ठेकेदाराला देईन. मावशीनं त्यातलं एकच ऐकलं, साहेब येणार. पोरगी बघायला पाव्हणे यायचे असावेत तशी बाई कामाला लागली. फिनेल, ॲसिड, पांढरी पावडर, दोन दिवसांत कपाट रिकामं केलं. संडास असे चकाचक, की तिथं जेवायला बसावं.

तिसऱ्या दिवशी म्या टाकीचं झाकण उघडलं आन् नाक धरलं. पाणी काळं ठिक्कर. टाकीत डोळ्याला न दिसणारे जीव असत्यात, तेच घाण खात्यात. ते मेले तर टाकी मेली.

"मावशी, टाकीत काय ओतलंत?"

"टाकीत कुठं? वरच्या मोऱ्यांत ओतलं."

"वरचं खालीच येतंय की! सगळे जीव मारलेत तुमी."

बाई पायरीवर मटकन बसली. "माझ्या पोरीचं, सारिकाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्स हाय, कुंडलिक. पन्नाशीत मला दुसरं काम कोन देतंय?"

माझा राग तिथंच उतरला. खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटली. चार वर्सं तळघराची किल्ली कमरंला लावून मिरवलो, पण खाली काय चालतंय ते ह्या बाईला कधी दाखवलं न्हाई. बाईमाणसाला काय कळतंय, असंच धरून चाललो हुतो.

जरा वेळानं तिनंच इचारलं, "जीवच पायजेत न्हवं? भाताला आमी जीवामृत करतो. शेण, गूळ, बेसन. त्यात जीवच असत्यात. हितं चालंल?"

टाकी नवी चालू करताना शेणकाला टाकत्यात, हे मला ठावं हुतं. पर माझ्या डोक्यात आलं न्हाई, तिच्या आलं.

दुसऱ्या दिवसापासनं मावशी पहिल्या एस्टीनं शेणकाल्याचा कॅन घेऊन यायला लागली. कंडक्टर नाक मुरडायचा, बाई ढिम्म. फिनेल बंद. गुडघ्यावर बसून नुसता साबण नि ब्रश. जिवांना हवा लागती, म्हणून मी दिवसभर टाकीत हवा सोडत बसायचो. रोज सकाळी टाकीतलं पाणी काचेच्या बरणीत भरून अर्धा तास ठेवायचं आन् दोघांनी बघत बसायचं. जीव जगले तर गाळ तळाला बसतो, वर पाणी नितळतं. आठ दिवस गढूळच. मावशीचं जेवण तुटलं, माझीही झोप उडाली.

नवव्या दिवशी खाली तपकिरी गाळ बसला, वर नितळ पाणी. मावशीनं बरणीमागं बोट धरलं. "दिसतंय का रं?" नखाची रेघ न् रेघ दिसत हुती. मला हसू आवरंना, आन् बाई पदरात तोंड घालून रडली.

साहेब आले, पाणी जागीच तपासलं, मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला. मंग वर संडासात गेले आन् नाक वर करून म्हणाले, "फिनेलचा वास नाही. सफाई होते ना?"

शेठ मावशीकडं बघाय लागले.

"रोज घासते, साहेब," मावशी म्हणाली. "खाली आमची जनावरं हायेत, त्यांना फिनेल सोसत न्हाई. मागं म्याच मारली हुती, म्याच जगवली."

मी डोळे मिटले. संपलं सगळं, म्हणलं. मंग तोंडातनं आपसूक निघालं, "चूक माझी, शेठ. म्या त्यांना टाकी कधी दाखवलीच न्हवती."

साहेब मोठ्यांदा हसले. "शेठ, ह्या बाईंना सोडू नका."

"सोडतोय कुठं," शेठ म्हणाले. ठेकेदाराचं नाव परत निघालं न्हाई.

साहेबांना ती जनावरं बघायची हुती. म्या कमरंची किल्ली सोडली आन् मावशीच्या हातात दिली. तिनं ती परत दिली न्हाई, म्या मागितली न्हाई.