पोरांच्या मॅडमचं एक वर्ष

श्रीखंडाचे रिकामे डबे टाकवत नाहीत आणि मग घरभर साठतात, तसे माझ्याकडं चौकीचे किस्से साठलेत. आमच्या गॅलरीतून पोलीस चौकीचं दार दिसतं, त्यात माझा काय दोष? आमचे हे म्हणतात, "पेठेत कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हिला विचारा." खरंय. माझ्यापासून काही लपत नाही.

*

कांबळे मॅडम आल्या तो दिवस. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स, चौकीच्या पायरीवर एकट्याच उभ्या. मला वाटलं, सासरी गांजलेली दिसते. चहा घेऊनच खाली गेले. "घाबरू नको बाई. सासू का नवरा?"

चहा संपवून म्हणाल्या, "सासू मलाच घाबरते, मावशी. मी इथली नवी फौजदार."

पोरांशी बोलायचं तर वर्दी घालायची नाही, असा नियमच आहे म्हणे.

*

त्याआधी काही उद्योग करून पकडलेल्या पोरांचं काम एका हवालदाराकडं होतं. मंत्री आला की तो बंदोबस्ताला, मिरवणूक निघाली की बंदोबस्ताला. पोरं बाकावर बसून पेंगायची. म्हणून फक्त पोरांसाठी एक अधिकारी द्यायचं ठरलं, पण पैसे मंजूर झाले एकाच वर्षाचे. काम दिसलं तर पुढं बघू, म्हणाले.

पहिल्याच महिन्यात मंत्री आला. वरून फोन, मॅडमना बंदोबस्ताला पाठवा.

मॅडम म्हणाल्या, "मंत्री अठराच्या आतला असेल तर येते."

*

दोन तालमींच्या फुटबॉल टीमची मॅच होती. पोरांनी एकमेकांवर बाटल्या फेकल्या. मॅडमनी दोन्हीकडची पोरं आणली आणि चौकीमागच्या नळावर समोरच्या टीमच्या जर्सी धुवायला बसवली.

एकाची आई भांडायला म्हणून पदर खोचून आली. नळापाशी थांबली, बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, ह्यो घरात सवताचा रुमाल धूत न्हाई. आठवडाभर ठिवून घ्या की."

*

दहावीतलं एक पोरगं बापाची मोटरसायकल भरधाव पळवताना सापडलं. बाप छाती काढून आला. "पाय जमिनीला टेकत न्हाईत, तरी कसली मारतंय बघा."

"गाडी दिली कुणी? तुम्ही ना? मग गुन्हा तुमच्यावर," मॅडम म्हणाल्या. बापानं छाती आत घेतली.

पोरगं त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालं, "पप्पा, घाबरू नका. मॅडम चांगल्या हायत."

पोराला रोज शाळेत चालत सोडायचं, एवढ्यावर बाप सुटला.

*

काच फोडलेला एकजण रडकुंडीला आलेला. "मॅडम, काल मला अठरा पूर्ण झाली. आता मोठ्यांत धरणार?"

"चूक केली त्या दिवशीचं वय धरतात," मॅडम म्हणाल्या.

आमचे हे तिथं पेपर वाचत बसले होते. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. मला वाटलं, ज्ञान वाढवतायत.

*

वर्ष संपत आलं. मोठे साहेब पाहणी करायला आले. मी अर्थात चौकीच्या खिडकीशी होते, बाहेरून.

"वर्षात गुन्हे किती नोंदवले?"

"एकही नाही, सर. समज दिली, भागलं."

"मग इथं काम कुठं आहे? जागा चालू ठेवायची कशासाठी?"

मॅडमची जागा जातेय, असं पेठेत सांगून मी परत खिडकीशी आले. साहेबांचा चहा संपायच्या आत चौकीबाहेर पोरांची रांग लागली.

"साहेब, शाळेच्या टाकीचा नळ मी सोडलो."

"देवळापुढच्या चपला मी बदललो. सगळ्यांच्या."

"मावशींच्या कुंड्या मीच फोडलोय. दोन्हीबी."

मॅडमनी कपाळाला हात लावला. उठायला निघालेले साहेब परत खुर्चीत बसले. "मॅडम, ह्यांना एक वर्ष पुरायचं नाही."

रांगेच्या शेवटी आमचे हे. टोपी हातात.

"काका, इथं अठराच्या आतलेच," मॅडम म्हणाल्या.

"व्हय की. पंधराचा होतो तवा हिच्या वडलांची सायकल मीच उचललो. त्या दिवशीचं वय धरायचं, तुम्हीच म्हटलाय."

माझे वडील, अप्पा, शेवटपर्यंत दूधवाल्यावर संशय घेत गेले.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "फिर्यादी कोण?"

सगळ्या पोरांनी खिडकीकडं बघितलं.